एकच हेडफोन

लढाईत बुडालेल्या बोटीवरून वाचलेल्या खलाशांची नावं संध्याकाळी रेडिओवर सांगणार होते. कोळीवाड्यातल्या चार घरची पोरं त्या बोटीवर होती. वाड्यात रेडिओ एकच, चांगुणाच्या मुलाने, पोशाने, बोटीवर जाण्याआधी स्वतः जोडलेला, आणि त्याला हेडफोनही एकच. एरवी हेडफोन पितळेच्या पातेल्यात ठेवला की आवाज घुमायचा आणि सगळे ऐकायचे.

“आज पातेलं नको. एखादं नाव चुकलं तर?” म्हणत चांगुणाने हेडफोन आपल्याच कानांना लावला. अंगणातली माणसं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत बसली.

“गोमा!” ती ओरडली. गोमाच्या आईने शेजारणीला मिठी मारली. “धर्मा! हिराजी!” अंगणात रडणं-हसणं एक झालं.

मग बराच वेळ चांगुणाच्या तोंडून चौथं नाव आलं नाही.

हिराजीच्या बापाने पातेलं पुढे केलं. “वहिनी, दमलात. ठेवा यात. पोशाचं नाव आम्हीही ऐकतो.”

तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

“थांबा हो भावजी, नावं चालू आहेत अजून.”

हेडफोनमध्ये मात्र केव्हाची सनई वाजत होती.