धबधब्याखालचा डोह

"इथे कधी कोणी बुडलंय का हो?"

प्रश्न विचारणारे गृहस्थ दगडावर बसून बूट काढत होते. त्यांची मुलगी पोहण्याचा पोशाख घालून केव्हाची तयार होती.

"छे हो, साहेब! बिनधास्त उतरा," गाइड म्हणाला.

उत्तर सहलकंपनीचं होतं. बेटाच्या सहलीत आधी मसाल्यांची बाग, मग दीपगृह, मग हा धबधबा. कुठे काय बोलायचं ते मालकाने ठरवून दिलेलं, विनोदसुद्धा. जायफळाच्या झाडाखाली आजही लोक हसले, त्यांच्याबरोबर गाइडही हसला. गेल्या महिन्यात त्याचा धाकटा भाऊ याच डोहात बुडाला होता. चांगला पट्टीचा पोहणारा. तेव्हापासून गाइड सगळं घडाघडा बोलायचा आणि त्याला काही म्हणजे काही वाटायचं नाही. धोक्याची पाटी लावली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, असं मालक म्हणाला, तेव्हाही याने नुसती मान डोलावली होती.

आज मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. काठावरची शहाळ्याची गाडी महिनाभराने पुन्हा लागली होती, आणि गाडीमागे त्याची आई उभी होती.

आईने ऐकलं. हातातलं शहाळं तिने सोललं, त्यात नळी खोचली आणि गृहस्थांच्या बायकोपुढे धरलं. "घ्या ताई." मुलाकडे तिने पाहिलंही नाही.

मुलगी पाण्यात उतरली. काठापासून बऱ्याच आतपर्यंत खाली सपाट कातळ होता, तिथवर लहान मूलही आरामात उभं राहील. कातळ संपला की पाय टेकायला काही नाही. वरून पाहणाऱ्याला सगळं पाणी सारखंच हिरवं दिसे.

"अजून थोडी मागे सरक!" गृहस्थ मोबाइल रोखून म्हणाले. "धबधबा यायला हवा ना फोटोत!"

मुलगी हसत हसत मागे सरकू लागली. गाइडने तोंड उघडलं. पुढे काय बोलायचं ते कंपनीने शिकवलं नव्हतं.

आईने कोयता खाली ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती सरळ पाण्यात शिरली. भराभर पाणी कापत ती मुलीच्या पलीकडे गेली आणि कातळाच्या कडेवर, खोल पाण्याकडे पाठ करून, दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली.

"बाळा, इथवरच," ती म्हणाली.

गृहस्थ वैतागले. "काय कटकट आहे! अहो गाइड, त्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांगा."

"ती नाही व्हायची बाजूला."

"का?"

"तिच्या मागे खोल आहे, साहेब. मघाशी मी खोटं बोललो. माझा भाऊ तिथेच बुडाला. ती आमची आई."

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

गृहस्थ मोजे न काढताच पाण्यात धावले. मुलीला ओढतच त्यांनी बाहेर आणलं. कोणी गाइडला चार शब्द सुनावले, कोणी मालकाचा नंबर मागितला, त्याने तो दिला. हळूहळू सगळे गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

आई अजून पाण्यातच होती. तसेच हात पसरून.

"आई, गेली ती पोरगी. बाहेर ये आता."

ती हलली नाही. गाइडने बूट काढले, पॅंट दुमडली आणि पाण्यात एक पाय टाकला.

"तू नको उतरूस," आई म्हणाली.