चारही चाकांचा जोर

संसार टिकवायचा तर घरातल्या माणसाने निदान एका यंत्राची नस न् नस ओळखावी, असे अल्सिद ठामपणे मानत असे. या घडीला तो हे मत अंगणात, जुन्या गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा पडून, डोळ्यात गेलेला गंज काढत मांडत होता. उठायला गेले की पाठ धरत होती, म्हणून मत जरा लांबले.

"झालं का?" पायरीवरून त्याच्या बायकोने, ब्लांशने विचारले.

ती कोट घालून बसली होती. पायाशी बॅग. रात्री बर्फ पडणार असे रेडिओ सकाळपासून सांगत होता आणि ब्लांशने नवऱ्याला एवढेच सांगितले होते: गाडी चारही चाकांवर चालती झाली, तर ती हिवाळाभर इथे टेकडीवर राहील. नाही तर चार वाजता त्यांची लेक कोलेत येईल, आणि ब्लांश तिच्याबरोबर गावात जाईल, ती एप्रिलपर्यंत. गेल्या हिवाळ्यात गाडी चढावर अडकली होती. ब्लांश सामानाच्या पिशव्या घेऊन वर चालत निघाली, घसरली आणि मनगट मोडून बसली. ते अजून नीट वाकत नव्हते. ती भांडली नव्हती. भांडली असती तर अल्सिदला बरे वाटले असते.

"होतंय," तो गाडीखालून म्हणाला.

"सकाळपासून होतंय."

बिघाड तसा किरकोळ होता. चार चाकांचा जोर लावायची लिव्हर लापशीतल्या चमच्यासारखी फिरत होती, कशालाच लागत नव्हती. तिच्या सळईच्या टोकाला घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या कडीचा, बुशचा, भुगा झाला होता. अल्सिदने बागेला पाणी घालायच्या पाइपचा बोटभर तुकडा कापला, साबण लावून सळईवर चढवला आणि तारेने आवळला. तार तुटली. पुन्हा आवळली, पुन्हा तुटली. त्यापुढच्या वेळी तार टिकली, अल्सिदच तुटायचा राहिला.

खालच्या घरातून ब्लांशचा भाऊ ओनेझिम चालत आला. हातात प्लोयची, म्हणजे कुट्टूच्या धिरड्याची गुंडाळी, बोटांवर लोणी.

"मेला की काय हा?"

"नाही. मघाशी बोलला," ब्लांश म्हणाली.

"नुसते पाय बघून कळत नाही."

अल्सिद सरपटत बाहेर आला, गाडीचे दार धरून उभा राहिला आणि दम घेऊन आत बसला. किल्ली फिरवली. लिव्हर ओढली. खाली कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि डॅशबोर्डच्या काचेमागे हिरवा दिवा लागला. तो दिवा त्याने कित्येक महिने पाहिला नव्हता.

"ये, बघ," तो म्हणाला.

ब्लांश उठली, चष्मा लावून खिडकीतून वाकली. हिरवा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"लागला," ती म्हणाली. मग चांगल्या हाताने बॅग उचलली. "कोलेतला फोन करते. रात्रीला बटाटेच आहेत, वेगळं काही करणार नाही."

ती घरात गेली, दार लागले. अल्सिद तसाच बसून राहिला.

"तिला जायचं होतं का रे?" त्याने मेव्हण्याला विचारले.

"मला काय विचारतोस? तिला विचारलंस का?"

"नाही."

ओनेझिम दुरुस्ती बघायला उकिडवा बसला. नळीचा तुकडा पाहून त्याने मान डोलावली. मग त्याचे चावणे थांबले.

"अल्सिद, पुढचा दांडा कुठाय?"

"कसला दांडा?"

"पुढच्या चाकांना फिरवतो तो. इथून पुढे जायला हवा. इथे नुसती हवा आहे."

"दिवा लागलाय की."

"दिवा लिव्हरला विचारून लागतो. चाकांना कोण विचारतंय."

अल्सिद खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि वाकून पाहिले. सकाळपासून तो त्याच रिकाम्या जागेखाली तोंड वर करून पडला होता.

"तूच काढलास," ओनेझिम म्हणाला. "घूं घूं करतो म्हणून. मी टॉर्च धरला होता. बर्फाआधी बसवतो म्हणालास."

"कधीची गोष्ट?"

"कोलेतच्या लग्नाआधीची."

कोलेतचा थोरला आता शाळेत जात होता.

"म्हणजे गेल्या वर्षी त्या चढावर..." ओनेझिम म्हणाला.

"बूट गुळगुळीत होते तिचे," अल्सिद म्हणाला. वर्षभर तो हेच म्हणत आला होता. आज ते जरा हळू म्हटले गेले.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. "नको, नको येऊस," ब्लांश फोनवर सांगत होती. "हो, झाली नीट. त्यानेच केली."

दोघांनी कोठाराकडे पाहिले. दार सताड उघडे होते. दांडा हरवला नव्हता, आतच लटकत होता. चांगला भक्कम दांडा, दोन्ही टोकांना हरणाचे मागचे पाय बांधायला मुद्दाम पाडावीत तशी भोके. शिकारीच्या मोसमात तो तुळईला साखळीने टांगायचा, हे इतकी वर्षे चालले होते की घरात सगळे त्याला हरणाचा पाइप म्हणत.

"सोडवायचा का?" ओनेझिमने विचारले.

अल्सिदने आभाळाकडे पाहिले, मग पुन्हा कोठारात. हरीण त्या दांड्याला कालच टांगले होते. मांस मुरायला आठवडा लागतो.