चिंधाच्या नावाची मूठ

"उगी राय, नाहीतर झुंबऱ्या घेऊन जाईन तुले!" ममतानं दम दिला, तशी कडेवरची गुड्डी रडायची थांबली.

ओट्यावर बसलेल्या अनंतबाबांना खरं तर या नावाची सवय व्हायला हवी होती. दरोडेखोर झुंबरनं एका रात्रीत अकरा माणसं मारली, तेव्हापासून खानदेशात पोरं याच नावानं गप्प करतात. त्याच्या बायको-पोराला गावानं हाकललं. तो नऊ वर्षांचा चिंधा म्हणजे आपले सासरे अनंतबाबा, हे ममताला ठाऊक नव्हतं. इथं, खानदेशाबाहेर सिल्वासात, कुणालाच नव्हतं.

फाटकाशी एक चाळिशीचा माणूस आला. "रामराम, बाबा. मी नीलेश. मसाटच्या कंपनीतले लोक म्हने, इथले सगळ्यात जुने खानदेशी तुम्हीच. चिंधा झुंबर कुठं ऱ्हातात, माहीत हाये का? माझे चुलतआजोबा लागतात, इकडंच आल्याचं ऐकलंय."

"काय काम?"

"कानबाईचा रोट आनलाय, आमच्या कुळदेवीचा परसाद. रोटाले भाऊबंदातल्या दर जित्या पुरुषाच्या नावानं मूठभर गहू घेतात ना? चिंधाबाबाची मूठ आजीनं साठ वर्सं चुकवली नाही. मरताना बोलली, बापाचं पाप पोराच्या माथी मारलं, चुकलं आपलं. त्याले घरी आना."

साठ वर्षं तिकडे कुणीतरी आपल्याला जिवंत धरत होतं, आणि आपण इथं नाव बदलून तोंड लपवत बसलो. 'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं. पण सून दारात उभी होती.

"गेला तो," बाबा म्हणाले. "लई वर्षं झाली."

नीलेशनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हंजे मेलेल्या मानसाची मूठ टाकत होतो आमी. पुढच्या साली बंद करतो."

पिशवीतून तुपाचा वास येत होता. गुड्डीनं हात पुढे केला.

नीलेशनं पिशवी मागे घेतली. "नाही बाई, रोट भाऊबंदाबाहेर देत नाहीत. राग मानू नका, बाबा."

"राग कसला? रीतच आहे ती."

तो गेला. गुड्डीनं भोकाड पसरलं. "उगी राय, नाहीतर झुंब..."

"रडू दे," बाबा म्हणाले. "आज रडू दे तिला."