हादरे

प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. मृणालिनी केंकरेने वाढवलेल्या कृमींपैकी ज्यांच्या बशा रोज थोडा वेळ यंत्रावर हलवल्या होत्या, ते म्हातारे होऊनही वळवळत होते. निवांत ठेवलेले केव्हाच मरून गेले होते.

तिने लगेच घरी फोन लावला. पाय मोडल्यापासून वडील पलंगावर होते. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी मृणालिनी त्यांना उठू देत नव्हती.

"बाबा, हादरे खाल्लेले कृमी जास्त जगले!"

"शाब्बास, पोरी! मग मी जरा टेकडीपर्यंत जाऊन येऊ?"

"मुळीच नाही. गुपचूप पडून राहा. मला तुम्ही खूप वर्षं हवे आहात."

बाबा हळूच म्हणाले, "मला तुझा एखादा कृमी समज ना."

ती खळखळून हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. कुणीतरी पुढे केलेला पेढा तिच्या हातातच राहिला.

"बाबा, मी निघतेय. चपला घालून तयार राहा. आपण टेकडीवर जाऊ."

"चपला कशा घालू? कपाटाची किल्ली तूच घेऊन गेलीयस."