वाढीव विमा

विमा एजंट नागराज चामराजपेटेतल्या घरी आला, तेव्हा सरोजाच पुढे होऊन म्हणाली, "अण्णा, यांची पॉलिसी मुग्धाच्या जन्माच्या वेळची. आता शहाण्णव साल आहे. तेवढ्या पैशांत तिचं कॉलेजचं एक वर्षही निघणार नाही. वाढवून द्या."

"आत्ता नको," हणमंतराव म्हणाले.

"हप्ता मी भरते, माझ्या शिवणाच्या पैशांतून."

"सरी, अक्का, वाढवू या," नागराज म्हणाला. "उद्या यांना फक्त आमच्या डॉक्टरांकडे तपासून घेऊ."

"एकदा नको म्हटलं ना!" हणमंतराव ओरडले.

नागराज अवघडून निघून गेला. सरोजा संतापली. "पोरीचा तरी विचार करा!"

"तोच केला," हणमंतराव खाली बघत म्हणाले. "विमा वाढवायचा म्हणून गेल्या महिन्यात मीच जाऊन तपासून आलो, सरोजा. आता मला कुणी विमा देणार नाही."