सात दिवस उशीर

तक्तेसाहेबांनी तीन वर्षांचे तक्ते डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटले आणि बायकोकडे बोट केलं. "ही दर महिन्याला लेट!"

बसडेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावणारा हा माणूस. डेपोचा तक्ता अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून घरचाही अठ्ठावीस दिवसांचा. छापील फॉर्मसुद्धा तोच; ड्रायव्हरच्या रकान्यात बायकोचं नाव. चौदाव्या दिवसावर लाल गोल. तेवढ्या दिवशी साहेब नवरेपणाच्या ड्यूटीवर हजर. एरवी शक्ती राखायची म्हणून बाहेरच्या खोलीत घोरत पडायचे. अक्कल पाजळायला मात्र महिनाभर मोकळे.

मूल त्यांनाही हवं होतं, खोटं कशाला बोला. अठ्ठाविसावा दिवस कोरडा गेला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. पस्तिसाव्या दिवशी पाळी यायची आणि ते शेरा मारायचे, 'सात दिवस उशीर. कारण दिलेले नाही.' पहिली दोन वर्षं बायको न्हाणीघरात कोंडून घेऊन रडली. गेलं वर्षभर रडत नव्हती. त्यावर शेरा होता, 'वर्तणुकीत सुधारणा.'

डॉक्टरीणबाईंनी चार कागद उलटले आणि चष्मा काढला.

"दर वेळी पस्तिसाव्या दिवशी येते, मग उशीर कसला? यांचं चक्रच पस्तीस दिवसांचं आहे. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. म्हणजे यांचं एकविसाव्या दिवसाच्या आसपास. दिवस राहण्याची शक्यता त्या दिवशी आणि त्याआधीच्या चार-पाच दिवसांत. तुम्ही आपले चौदावा धरून बसलात, आणि तोही एकच दिवस! शिवाय तुमचीही तपासणी करून घ्या."

शेवटचं वाक्य साहेबांना ऐकू आलं नाही. शरमेनं मान खाली घालावी, तर तेही नाही. दवाखान्याच्या जिन्यातच त्यांनी कोरा फॉर्म काढला, भिंतीला टेकवला आणि एकविसावर गोल केला.

"आता बघ कसं गणित जुळतं! आणि पोर झालं की त्याचाही तक्ता. दूध, झोप, शी-शू, सगळं वेळेवर. पहिल्या दिवसापासून शिस्त. रडलं अवेळी, तर मारला शेरा!"

बायको दोन पायऱ्या खाली उभी होती. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. आजही तिने तो चढवला नाही.

"एकविसाव्या दिवसाचं मला वर्षापूर्वीच कळलं होतं. लसीकरणासाठी घरोघरी येणाऱ्या सिस्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं."

साहेबांचा पेन जागीच थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"हा माणूस बाप म्हणून कसा असेल, ते बघत होते." तिने त्यांच्या हातातल्या फॉर्मची घडी घातली आणि तो त्यांच्याच खिशात कोंबला. "बघून झालं."