जिवावरचं जांघेवर

अकरा वर्षांनी गावचा कालवा गोठला आणि डाउवेने स्केट्स बांधले. त्याच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी जांघेतून नळी सारून बुजवली, त्याला दीड वर्ष झालं होतं. डोकं ठणठणीत होतं, जांघ मात्र अजून ठणकायची. “जिवावरचं जांघेवर निभावलं, कुरकुरू नकोस,” असं बायको मिया रोज ऐकवायची. बर्फावर त्याने पहिलाच पाय रेटला आणि कळ उठून तो मटकन खाली बसला. मियाने सोबत आणलेली स्वयंपाकघरातली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. अशी खुर्ची ढकलतच पोरं स्केटिंग शिकतात. लग्न होऊन, कालवे क्वचितच गोठतात अशा दक्षिणेकडून आलेल्या मियाला ती कधीच सोडता आली नाही, आणि डाउवे तिला चारचौघांत ‘खुर्चीवाली’ म्हणून हसायचा. “धर आता,” ती म्हणाली. खुर्ची ढकलत तो निघाला. काठावर सगळं गाव उभं होतं. कुणीच हसलं नाही. म्हणून मिया हसली.